पणजोबा कागदात कसे शोधायचे: आधी बघा, त्यांचं नाव लिहायची गरज कोणाला होती

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांचं नाव माहितीये, गाव माहितीये, जुन्या सातारा जिल्ह्यातलं. घरात एवढंच सांगतात की ते मानमोडीच्या (1918 च्या इन्फ्लुएंझाच्या) साथीत गेले, जमीन होती ती सावकाराने गिळली आणि त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत गेला तो परत आलाच नाही. विचारणाऱ्याला नुसती वंशावळ नकोय, माणूस जगला कसा ते हवंय, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. मी बरीच वर्षं मोडी वाचनाचं आणि जुन्या महसुली कागदांचं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून "जनगणनेत शोधू" असं डोक्यात घेतलं असेल तर ते काढून टाका. अमेरिकेत 72 वर्षांनी जनगणनेची पानं नावानिशी खुली होतात, 1950 ची तर 2022 मध्ये झाली. आपल्याकडे 1872 पासून शिरगणती होतेय पण घरोघरच्या त्या याद्या जपलेल्याच नाहीत, आकडे काढले आणि कागद गेले, आणि 1948 च्या जनगणना कायद्यात तर वैयक्तिक नोंदी कोणाला दाखवायच्याच नाहीत असं कलमच आहे. म्हणजे तो दरवाजा बंद. जुन्या जनगणनेतून गावची लोकसंख्या, जातवार आकडे वगैरे मिळतील, पणजोबा मिळणार नाहीत.

मग मिळतात कुठे? तर इथे एकच प्रश्न स्वतःला विचारत राहायचा: या माणसाचं नाव कागदावर लिहायची गरज कोणाला पडली असेल? सरकारला सारा हवा होता म्हणून जमिनीच्या कागदात नाव आलं. साथींवर लक्ष ठेवायचं होतं म्हणून मृत्यूची नोंद झाली. सावकाराला कोर्टात जायचं होतं म्हणून कर्जाचं खत झालं. मास्तरला हजेरी दाखवायची होती म्हणून पोराबरोबर बापाचं नाव शाळेत लागलं. कोणीही पणजोबांची आठवण राहावी म्हणून काही लिहिलेलं नाही, आणि हे एकदा पक्कं कळलं की कुठल्या कागदावर कुठल्या बाबतीत विश्वास ठेवायचा तेही आपोआप कळायला लागतं. जमिनीच्या कागदात क्षेत्र आणि आकार (म्हणजे सारा) आणे-पैपर्यंत बरोबर असतो, वय मात्र अंदाजपंचे.

सुरुवात नेहमी आजपासून मागे जायची. आजचा सात-बारा ऑनलाइन काढा, गट नंबर घ्या, त्याच्या खाली जे फेरफार (जमिनीवरचा हक्क बदलला की होणारी नोंद) नंबर गोल करून दिलेले असतात ते लिहून घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे वाचत चला. जमीन हातातून गेली असली तरी चालतं, गावात तुमच्या आडनावाच्या भावकीची जमीन असेलच, तिथून सुरू करा कारण तीन-चार पिढ्या मागे गेलात की त्यांचा आणि तुमचा मूळ पुरुष एकच निघतो. गट नंबर पडायच्या आधी सर्व्हे नंबर होते, ते जुळवायला गटवारीचा जुना-नवा नंबर दाखवणारा तक्ता लागतो, तो तलाठ्याकडे किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सात-बारे आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' पोर्टलवर आलेत, घरबसल्या बघता येतात, पण स्कॅन नसलं म्हणजे कागद नाही असं समजू नका, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज टाका.

आता फेरफार म्हणजे या सगळ्या कामातलं सोनं आहे आणि लोक तो नुसता नंबर जुळवायला बघतात याचं मला फार वाईट वाटतं. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्यानंतर हळूहळू गावोगाव हक्कनोंद लागली, तेव्हापासूनचे फेरफार मिळू शकतात. वारसाचा फेरफार असेल तर त्यात खातेदार कधी मयत झाला, मागे कोण कोण वारस, मुलगे किती, मुली कुठे दिल्या, विधवा हयात आहे का, हे सगळं चार ओळींत असतं. अमुक नाव "अ.पा.क. आई" (अज्ञान पालन कर्ता) असं दिसलं तर पोरगं अज्ञान, म्हणजे वयाने लहान होतं आणि आई पालनकर्ती होती, म्हणजे बाप तरुणपणी गेला. तुमच्या बाबतीत ही एक ओळ सापडली तरी मानमोडीची गोष्ट अर्धी शाबीत होते. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तिथे फक्त थोरल्या भावाचं नाव असतं आणि बाकीचे भाऊ त्याच्या मागे लपलेले असतात, तेव्हा पणजोबांचं नाव सात-बाऱ्यावर नाही म्हणून "ते या गावचे नव्हतेच" असं ठरवून मोकळे होऊ नका, थोरल्याच्या नावाने शोधा. मग पुढे कधीतरी वाटपाचा फेरफार निघतो आणि त्यात सगळे भाऊ रांगेत उभे राहिलेले दिसतात.

सावकाराचं म्हणाल तर तेही फेरफारात येतं. "मुदत खरेदी", "नजर गहाण", "कब्जे गहाण" असे शब्द शोधा, रक्कम आणि साल दिलेलं असतं. मुदत खरेदी म्हणजे ठराविक वर्षांत पैसे दिले नाहीत तर जमीन घेणाऱ्याची, आणि अशा कित्येक जमिनी मूळ मालकच पुढे कूळ म्हणून कसत राहिला. तसं झालं असेल तर 1948 चा कूळ कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन (ज्या दिवशी कूळ मालक मानलं गेलं) हे दोन टप्पे बघा, 32-ग ची, म्हणजे कुळाने द्यायची किंमत ठरवायची प्रकरणं निघाली असतील तर त्यात जबाब असतात, माणसं स्वतःच्या तोंडाने सांगतात की ही जमीन आमच्या बापाने अमक्याला लिहून दिली होती. इतकं बोलकं कागदपत्र महसुलात दुसरं नाही. त्याच्याही मागे जायचं असेल तर 1875 साली सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला, त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, त्यात शेतकऱ्याचं खत सरकारी माणसासमोर लिहायचं बंधन होतं, पुणे-सातारा-नगर-सोलापूर हेच त्याचे मूळ जिल्हे. ही खतं सगळीकडे टिकलेली नाहीत, पण दुय्यम निबंधकाकडचे जुने इंडेक्स आणि दिवाणी कोर्टाचं रेकॉर्ड विचारून बघायला काय हरकत आहे.

आता मृत्यू. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. मुंबईत पहिली लाट जूनमध्ये आली, पण माणसं मारली ती दुसऱ्या लाटेने, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, ऑक्टोबर सगळ्यात वाईट. त्यामुळे तुम्हाला आख्खं शतक शोधायचं नाहीये, तीन महिने शोधायचेत. त्या काळी गावची जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना 14 मध्ये व्हायची, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि ती बुकं आज बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात "जुना गाव नमुना 14, जन्म-मृत्यू" असं स्पष्ट लिहा, कारण आजच्या यादीतला नमुना 14 पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे आणि नवीन क्लार्क तोच काढून देतो. मृत्यूच्या कारणात इन्फ्लुएंझा लिहिलेलं सापडेल अशी आशा ठेवू नका, "ताप" लिहिलेलं असेल, त्या वर्षीचे बहुतेक मृत्यू तापातच दाखल झालेत. मी काय करतो तर एका माणसाची नोंद न बघता त्या पानाच्या मागची-पुढची पानं बघतो. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी असलेल्या गावात एकदम पानंच्या पानं भरलीयेत, एकाच घरातले तिघे आठवड्यात गेलेत, मग कारण वेगळं लिहायची गरज राहत नाही. आणि हो, त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, त्यामुळे सावकाराची गोष्ट आणि साथीची गोष्ट बहुधा एकाच वर्षात येऊन मिळेल, फेरफार 1919 ते 1925 च्या दरम्यानचे आधी वाचा.

घरातल्या गोष्टीत मात्र साथींची सरमिसळ फार होते. 1896 ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि मग पुढची वीसेक वर्षं तो दख्खनच्या गावांमधून फिरत राहिला. पटकी तर दरवर्षीची. आजी "मरी आली होती" म्हणाली तर ती यातली कुठलीही असू शकते. म्हणून मी घरच्या गोष्टीतलं साल कधीच घेत नाही पण गोष्टीतला क्रम घेतो: आधी जमीन गेली की आधी माणूस गेला, भाऊ मुंबईला गेला तेव्हा थोरला जिवंत होता का. क्रम सहसा बरोबर निघतो.

नावाचं बघा. 1900 च्या आसपासच्या कागदात आडनाव असेलच असं नाही, "रामा बिन धोंडू" एवढंच असतं, खानदेश-वऱ्हाडाकडे "रामा वलद धोंडू". बाईचं "सखू कोम रामा" किंवा "भ्रतार रामा". एकच माणूस एका कागदात रामा, दुसऱ्यात रामजी, तिसऱ्यात रामचंद्र असतो आणि एका गावात तीन रामा बिन धोंडू पण असतात, कारण नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. नाव, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर, किंवा नाव, बापाचं नाव आणि बायकोचं नाव, अशी तीन टोकं जुळली तरच मी हो म्हणतो. दोनच जुळत असतील तर पेन्सिलीने लिहून ठेवतो.

बायका शोधणं अवघड आहे पण अशक्य नाही. पणजीचं माहेरचं नाव सासरच्या कागदात मिळत नाही, ते तिच्या बापाच्या वारस फेरफारात मिळतं, "मुलगी अमुक, दिली अमुक गावी" असं. म्हणजे आधी घरात विचारून माहेरचं गाव काढायचं आणि मग त्या गावचे फेरफार वाचायचे. हक्कसोडपत्र असेल तर अजून बरं, त्यात सगळ्या बहिणी सासरच्या नावानिशी येतात. आपल्याकडे बहिणींचा हक्क सोडून घेताना का होईना, त्यांची पूर्ण नावं लिहिली गेली.

शाळेचा दाखला सोपा आहे म्हणून लोक तिथेच आधी जातात. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टर असतं, काही गावांत एकोणिसाव्या शतकातलं पण आहे, प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. जात, बापाचं नाव, आधीची शाळा, सोडल्याचं कारण. "गैरहजर" किंवा "मुंबईस गेला" हे शेरे जन्मतारखेपेक्षा जास्त कामाचे. जन्मतारीख 1 जून दिसली की समजा मास्तरने शाळा भरायच्या हिशोबाने टाकलीये.

आता मोडी. साधारण 1950 पर्यंतचे कित्येक कागद मोडीत आहेत आणि घसटी, म्हणजे घाईत ओढून लिहिलेल्या मोडीत आहेत. सगळं शिकायची गरज नाही. आपल्या घराण्यातली दहा-बारा नावं, गावाचं नाव, आकडे, महिने आणि "मयत", "वारस", "खरेदी", "गहाण" हे शब्द मोडीत कसे दिसतात ते पाठ करा, म्हणजे निदान कुठल्या पानाची नक्कल घ्यायची ते तुमचं तुम्हाला कळेल, मग वाचायला जाणकाराकडे द्या. देताना पूर्ण पान द्या, फक्त आपल्या नावाची ओळ कापून पाठवू नका, कारण लिहिणाऱ्याचं वळण कळायला बाकीच्या ओळी लागतात. जिल्हाधिकारी कार्यालयात मोडी वाचणाऱ्यांची यादी असते, आणि 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती बसल्यापासून हे जुने रेकॉर्ड बरंच उघडलं गेलंय, स्कॅनही झालंय. तुमचा विषय जातीच्या दाखल्याचा नसला तरी त्या कामातून झालेल्या याद्या तालुक्याला विचारा, आयतं काम झालेलं असतं.

सालांचं गणित एकदा नीट करून ठेवा. शकात 78 मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79. फसलीत (महसुली वर्षात) 590, वर्ष उलटून जानेवारीनंतर 591. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन असतो, इहिदे, इसन्ने, सलास असे अरबी आकडे शब्दात लिहिलेले, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि नंतर 600. पडताळा घ्यायचा तर पानिपत जानेवारी 1761 चं, सुहूर सन 1161. निजामाच्या मुलखातलं फसली वर्ष मात्र वेगळ्या महिन्यात सुरू व्हायचं, तिथे एक वर्ष इकडेतिकडे धरून चला.

मुलूख कोणाचा होता हे तर फारच महत्त्वाचं. तुम्ही "सातारा" म्हणता, पण 1949 साली सातारचा दक्षिण भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा केला, तोच 1960 पासून सांगली. आणि औंध, फलटण ही संस्थानं होती, 1948 पर्यंत तिथलं दफ्तर वेगळं. गाव संस्थानात असेल तर इंग्रजी जिल्ह्याच्या रेकॉर्डमध्ये डोकं आपटून उपयोग नाही. मराठवाड्याचे कागद उर्दू-फारसीत, त्यातले काही आजही हैदराबादेत, आणि गावपातळीवर 1954-55 चं खासरापत्रक हा तिकडचा हक्काचा आधार. विदर्भ मध्य प्रांतात होता, नमुन्यांची नावंच वेगळी. राज्याच्या पुराभिलेखागाराची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि संभाजीनगरला आहेत. पुण्याचं पेशवे दफ्तर सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे आधी तिथेच पळतात, पण तुमचे पणजोबा इनामदार, वतनदार किंवा फौजेतले नसतील तर तिथे जाण्यात अर्थ नाही. साधा रयत गावच्या आणि तालुक्याच्या कागदात सापडतो.

जमीनच नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न तुमचा नाही पण वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचा असतो. महार कुटुंबांसाठी वतन रजिस्टर बघा, 1874 च्या वतन कायद्याखालची, आणि पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली तेव्हाची प्रकरणं. वतनात वाटा कोणाकोणाचा हे ठरवायला नावं पिढीवार लिहावी लागायची, त्यामुळे ज्या घराकडे सात-बारा नव्हता त्यांची वंशावळ कधीकधी पाटलाच्या घरापेक्षा स्वच्छ मिळते. पारधी आणि तशा इतर जमातींना गुन्हेगार जमाती कायद्याने हजेरीला बांधलं होतं, 1952 ला तो कायदा गेला. त्यांचे पूर्वज पोलिसांच्या आणि वसाहतींच्या रजिस्टरात आहेत. सरकारने ज्यांना सगळ्यात जास्त छळलं त्यांचीच नोंद सगळ्यात बारीक ठेवली, वाचताना हे कागद कोणी आणि का लिहिले ते विसरू नका.

गिरणीतल्या भावाचं. गिरण्यांचे मस्टर बहुतेक गेलेत, त्याच्या मागे लागू नका. मुंबई महापालिकेची मृत्यू नोंद मात्र जुनी आहे, वॉर्ड आणि अंदाजे साल लागतं. गावाकडून बघायचं तर तो "मुंबईस नोकरीस" म्हणून फेरफारात गैरहजर वारस म्हणून लागलेला असतो. आणि एक शक्यता तपासाच: 1914 ते 1918 मध्ये "मुंबईला गेला तो आलाच नाही" अशा घरच्या गोष्टीतला माणूस कधीकधी पलटणीत गेलेला निघतो. सातारा-रत्नागिरीकडून मराठा पलटणींत भरती मोठी होती, 103, 105, 110, 117 या नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर मोफत शोधता येतं, कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा पण दिलाय. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आहे, म्हणून नावाने नको, गावाच्या आणि तालुक्याच्या नावाने शोधा, तेही चार-पाच स्पेलिंगांनी. गावात चावडीजवळ किंवा शाळेत "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले" अशी दगडी पाटी असली तर तेही बघून ठेवा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या सरकारी नाहीत, पण त्र्यंबकेश्वर-नाशिकला जाणं होत असेल तर गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्ये शोधा. पूर्वज स्वतः आला असेल तर त्याच्या बरोबर कोण होतं, कोणाच्या क्रियेला आला, हे त्याच्या सांगण्यावरून लिहिलेलं असतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर हरिद्वारसारख्या तीर्थांच्या वह्यांची काही फिल्म केलेली पानं लॉगिन करून फुकट बघता येतात. त्याच साइटवर लोकांनी स्वतः टाकलेली वंशावळीची झाडं असतात, त्यांना पुरावा म्हणून हात लावू नका, एकाने शिवकाळातल्या सरदाराला जोडलं की पुढचे पन्नास जण तेच कॉपी करतात.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. या आठवड्यात भावकीतला आजचा सात-बारा आणि त्याखालचे फेरफार नंबर. मग तहसीलला एकाच अर्जात 1918 चं कोतवाल बुक सप्टेंबर ते डिसेंबर आणि 1919 ते 1925 चे फेरफार. अर्जावर आवक नंबर घ्या, नाही तर तो अर्ज कोणी पाहिलेलाच नसतो. सापडलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढताना आधी बुकाचं कव्हर, मग पान नंबर, मग पूर्ण पान, मग तुमची ओळ. आणि गावाचं नाव कळवा, 1948 आधी ते खालसात (थेट इंग्रजांच्या मुलखात) होतं की संस्थानात तेवढं सांगतो, त्यावर पुढचं ऑफिस कुठलं ते ठरेल.